मुकुटाचं सोनं

अय्यूबनं दांडी उचलली आणि व्हायब्राफोनच्या मधल्या धातूच्या पट्टीवर हलकेच मारली. व्हायला हवं होतं 'टिंग', झालं 'ठक'. पोळपाटावर लाटणं आपटावं तसं. त्यानं पायाखालचं पेडल दाबून पाहिलं, शेजारच्या पट्टीवर मारून पाहिलं. ठक.

"साबिरा, कसा वाजतोय गो?"

साबिरा स्वयंपाकघरात होती. दोनदा हाक मारल्यावर ती दारात आली आणि त्याच्या हातातल्या दांड्यांकडे बघून म्हणाली, "पयल्यासारखाच. काय झाला?"

त्यानं तिच्यासमोर पुन्हा मारलं. ठक.

"नाय गो, नीट ऐक."

"नीटच वाजतोय. उगाच खूळ काढू नका."

बायको खोटं कशाला बोलेल? म्हणजे खोट आपल्याच कानांत. उभी हयात ट्रंपेट आणि ड्रमच्या शेजारी उभं राहण्यात गेली, कान आता त्याची वसुली करत असणार, असं अय्यूबनं ठरवून टाकलं.

मुंबईत रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी, असं त्याचं आयुष्य गेलं होतं. जाझमध्ये तो मनाचा राजा. सिनेमात मात्र नायिकेनं पापणी मिटली की याची एक 'टिंग', संपलं काम. नाव कुठंच आलं नाही. जाझची एक रेकॉर्ड निघाली, तिच्यावरही बँडमालकाचं नाव ठसठशीत आणि खाली बारीक अक्षरात 'आणि साथीदार'. साबिरा त्या हॉटेलात कधी गेली नाही. घरी रेडिओवर गाणं लागलं की अय्यूब बोट वर करायचा, "हा मी!" बोट वर जाईस्तोवर सूर निघून गेलेला असायचा. साबिरा तरी म्हणायची, "ऐकला."

आणि आता, चौऱ्याण्णव साली, अष्टमी या आपल्या गावी येऊन निवांत बसल्यावर मुंबईच्या एका छोट्या कॅसेट कंपनीनं बोलावलं होतं. अख्खी कॅसेट त्याच्या जाझची, वर नाव त्याचं. साबिराला एकदा तरी आपण पुरते ऐकू यावं, एवढीच त्याची हौस होती. व्हायब्राफोनची चौकट खाडीच्या हवेनं गंजली होती, म्हणून ती रंगवायला त्यानं सगळं वाद्यच पेणला महिपतीच्या गणपतीच्या कारखान्यात पाठवलं. कालच ते परत आलं. मूळच्या सोनेरी पट्ट्या अशा चकाकत होत्या की नवं घेतल्यासारखं वाटावं.

आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या.

"अगो, गॅस बंद कर!" तो ओरडला, आणि मग स्वतःच उठून बंद करून आला. शिट्टी ऐकू येते आणि आपलाच सूर येत नाही, हे काय गौडबंगाल? त्याचं डोकं चालेना. कंपनीला नाही म्हणायला तो पुलाजवळच्या टेलिफोन बूथवर गेला, अर्धा नंबर फिरवला आणि रिसीव्हर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो पेणला उतरला. बहिऱ्याला वाद्य कशाला? ते परत ने आणि तुझ्याच माळ्यावर पडू दे, असं महिपतीला सांगायचं होतं. महिपती त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो मांडीवर मूर्ती घेऊन मुकुटाला सोनेरी रंग देत बसला होता.

"वाजवलास? सोना कसा दिसतोय?"

"कसला सोना?"

"अरं, पट्ट्यांचा! तू चौकट रंगवाय दिलीस, पण पट्ट्या पार मळलेल्या. म्या सोता दोन हात मारले. मुकुटाचाच रंग हाय तो, वर वारनिश. सोना मळका ठेवून माझ्या कारखान्यातून काय भायेर जात नाय."

अय्यूब त्याच्याकडे बघतच राहिला. मग जो हसत सुटला, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"महिपती, आवाज मेला रे त्याचा! भोकांतून ओवलेल्या दोरीला रंगानं पट्ट्या चिकटल्या, थरथरतील कशा?"

महिपतीचा ब्रश थांबला. "म्या बिघडवला?"

"माझे कान शाबूत हायत, समजला तुला? कान शाबूत हायत!"

महिपतीला काही समजलं नाही. त्यानं थिनरचा डबा आणि फडकी पुढं केली. "उद्या येऊन मीच पुसतो सगल्या," तो पडेल आवाजात म्हणाला.

उद्यापर्यंत कोणाला दम? घरी पोचताच अय्यूबनं मधली पट्टी पुसायला घेतली. भोकांतला रंग सुईनं काढला, दोरी मोकळी केली आणि दांडी मारली. टिंग! सूर घरभर पसरला, थरथरत राहिला. बाहेर कुंपणावरचा कावळा उडाला.

साबिरा पडवीत पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"साबिरा!"

त्यानं जोरात मारलं. सुपातला तिचा हात तसाच चालत राहिला. काल ठक वाजलं तेव्हाही 'पयल्यासारखाच' म्हणाली होती. कुकर. दोनदा मारलेली हाक. 

व्हायब्राफोनला चाकं होती. तो ढकलत त्यानं तिच्यासमोर नेला. तिनं वर बघितलं आणि हसली. रेडिओच्या दिवसांतल्यासारखं त्याचं बोट आपसूक वर गेलं. दुसऱ्या हातातली दांडी मात्र हवेतच राहिली.

"ऐकला," साबिरा म्हणाली.

अय्यूबनं सूप बाजूला सारलं, तिचा हात धरून चौकटीवर ठेवला, आणि मगच दांडी खाली आणली.