वरचं पाणी

तेल्हाऱ्याकडच्या खारपाण पट्ट्यात गोड्या पाण्याची विहीर लागणं म्हणजे नवसाचं पोर. सदतीस सालच्या हिवाळ्यात उत्तमराव माळ्यांना नाल्याकाठी ती लागली. मग काय! हौसेनं अचलपुराहून कातड्याची मोट आली, बैल जुंपले गेले आणि वांग्याच्या रोपांना दिवसदिवस पाणी सुटलं. आठवडा गेला नाही तोच वाफ्यांवर पांढरी खपली धरली, पानांच्या कडा करपल्या. मोटेचं पाणी जिभेवर धरवेना.

"इहीर फिरली, भाऊ," शेजारचे खुशालराव म्हणाले. "या मातीत खारंच निंगते. बुजवून टाक, नाईतं ढोरं पडतीन. उद्या मीबी फावडं घेऊन येतो."

उत्तमरावांनी मान डोलावली. त्यांची बायको वच्छला वाफ्यावरची पांढरी खपली नखानं खरवडू लागली. मोर्शीच्या माहेरी ती बागेतच वाढली होती. सासरी आल्यापासून नुसती कोरडवाहू कपाशी वेचत होती. विहीर गेली की बागही गेली.

दुपारी सासूबाईंनी, पार्बताबाईंनी, चुलीवरून भांडं उतरवलं. "वच्छले, आज वरन लोण्यावानी शिजलं वं! नदीवर गेलती काय?"

"नाई मामी, आपल्याच..." वच्छला बोलता बोलता थबकली.

खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ कितीही उकळा, दाणा टणक तो टणकच. आणि हे पाणी तर तिनं सकाळी, मोट सुरू व्हायच्या आधी, त्याच विहिरीतून कळशीनं शेंदलेलं. नदी लांब पडते म्हणून, आळसानं.

विहीर एकच. कळशीचं पाणी गोड, मोटेचं खारं! कळशी पाण्यावर कलते आणि तिथंच भरते. मोट तिच्या लोखंडी कड्याच्या वजनानं थेट खाली बुडते.

वच्छला ताडकन उठली. तिनं लोट्याला दगड बांधला, त्याच्या तोंडात चिंधीचा घट्ट बोळा कोंबला, बोळ्याला वेगळी दोरी बांधली आणि विहिरीकडे धावली. पार्बताबाई मागोमाग.

"हे काय करून राहिली?" मोट सोडवत असलेल्या उत्तमरावांनी विचारलं. खुशालराव बांधावर बसून बघत होते.

"तळाचं पानी आनून राहिली. थांबा ना जरा!"

लोटा तळाला टेकला. तिनं दुसऱ्या दोरीला हिसका दिला. बोळा निघाला, बुडबुडे वर आले. उत्तमरावांनी त्या लोट्यातला घोट घेतला आणि थुंकले. "निरं मीठ!"

"आता हे घ्या." लोटा सोडायच्या आधीच तिनं कळशीत वरवरचं पाणी शेंदून ठेवलं होतं.

ते प्याले. थांबले. पुन्हा प्याले.

"वयनीनं कळशीत गूळ घासला असन," खुशालराव म्हणाले.

"मंग तुमीच शेंदा ना, भाऊजी!"

खुशालरावांनी शेंदलं, ओंजळीनं प्याले आणि ओल्या मिशा पुसल्या. "आयला! उद्या फावडं नाई आनत मंग."

"मिठानं पानी जड होते, म्हनून खाली बसते," वच्छलाला बोलताना धाप लागत होती. "नाल्यातून झिरपते ते गोडं, हलकं. ते त्याच्यावर राह्यते, दुधावर साय असते ना, तसं. आपुन मोटेनं साय फोडली न् खालचं ओढलं."

"मंग मोट?"

"इकून टाका. वरचं जितकं झिरपन, तितकीच बाग. कळशीनं."

उत्तमरावांनी मोटेवरून हात फिरवला. "गाव हासन मले. माळ्याचा पोरगा कळशीनं वांगे भिजवते म्हनून."

"हासू दे," पार्बताबाई म्हणाल्या. "वांगे खायले तेच येतीन."

उत्तमरावांना हसू फुटलं. त्यांनी कळशी उचलली आणि दोर सोडला. सर्रर्र, धप!

"हळू!" तिघंही एकदमच ओरडली.

त्यांनी जीभ चावली, दोर वर ओढला आणि पुन्हा वीत वीत सोडत गेले. कळशी पाण्याला अलगद टेकली, कलली आणि भरू लागली.