न पेटणारे चार थेंब

दानेश्वरीनं काचेच्या लोकरीच्या बोळ्यावर बॅटरीत भरायच्या नव्या द्रवाचे चार थेंब सोडले आणि लायटर पेटवून जवळ नेला. आकाराम दाराशीच उभा होता; पुढं पाऊल टाकवेना. ज्योत बोळ्याला चाटत राहिली. जराशी वाफ निघाली, पण बोळ्यानं पेट घेतला नाही.

"बघितलं का मामा? पेटत न्हाय," ती म्हणाली.

आकाराम कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत बावीस वर्षं मदतनीस होता. गेली चार वर्षं त्याच्याकडं एकच काम होतं. बिद्रीच्या कारखान्यावरून उसाची पिळून उरलेली चिपाडं आणायची, धुऊन वाळवायची, बंद भट्टीत त्यांचा कोळसा करायचा आणि खलात घोटून वस्त्रगाळ करायचा. त्या काळ्या पुडीची बॅटरी बनवण्यासाठी गडहिंग्लजची दानेश्वरी संशोधन करत होती. चिपाडाची बॅटरी करतोय म्हणून आकाराम गल्लीत कौतुकानं सांगत फिरायचा. लोकही त्याला बॅटरीतला जाणकार समजू लागले होते, आणि हळूहळू तोही तसं समजू लागला होता.

त्याची एकुलती मुलगी अनुजा हुपरीला कॉम्प्युटर शिकवायला जायची. तिच्यासाठी विजेवरची जुनी स्कूटर घेतली होती. बॅटरी काढून घरात आणायची आणि दाराजवळच्या प्लगला लावायची, हा रोजचा शिरस्ता. गेल्या वर्षी एका गुरुवारी त्याची बायको धोंडुबाई नृसिंहवाडीला निघाली होती. चप्पल घालताना तिचा हात बॅटरीला लागला. गरम हाय, फुगल्यागतबी दिसतीया, असं ती नवऱ्याला म्हणाली.

"मी रोज त्यातच असतोय की," आकाराम म्हणाला. "काय हुत न्हाय."

अनुजा तापानं आतल्या खोलीत झोपली होती. आकाराम दळण घेऊन गिरणीवर गेला. पीठ घेऊन वळला तेव्हा गल्लीत माणसं पळत होती. बॅटरी दारातच पेटली होती आणि आतल्या खोलीला दुसरी वाट नव्हती. वाडीहून परतलेल्या धोंडुबाईला शेजाऱ्यांनी एसटी स्टँडवरच गाठलं.

त्यानंतर धोंडुबाई त्या गुरुवाराबद्दल एक अक्षर बोलली नाही. जेवायला वाढायची, मीठ संपलं की सांगायची, तेवढंच. तिनं शिव्या घातल्या असत्या, कपाळ फोडून घेतलं असतं, तर आकारामला सोसलं असतं. हे गप्प राहणं सोसवत नव्हतं. कॉलेजातल्या साहेबांनी त्याला ग्रंथालयात बदली देऊ केली, ती त्यानं घेतली नाही. पंधराव्या दिवशी तो भट्टीपुढं येऊन उभा राहिला. न पेटणारं काहीतरी इथंच निघेल, एवढाच त्याचा धीर होता.

आणि आज ते निघालं होतं. दुकानातल्या बॅटरीत हे कधी येईल, असं त्यानं विचारलं. दानेश्वरीनं हातमोजे काढले.

"मामा, तुम्हांला खोटं कसं सांगू? ह्या द्रवात आपला कोळसा टिकत न्हाय. पन्नास-साठदा चार्ज केला की सेल मरतोय. अजून लय वर्षं लागतील, आणि माझं काम मार्चमध्ये संपतंय."

पुढं हे कोण करणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आकारामनं वाद घातला नाही. उद्या घरच्यांना घेऊन येऊ का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडुबाई आली. कशासाठी, हेही तिनं विचारलं नव्हतं. लायटरचा खटका वाजताच तिनं टेबलाची कड घट्ट धरली, पण नजर काढली नाही. दानेश्वरीनं तिला सावकाश समजावून सांगितलं की नेहमीच्या बॅटरीतलं पाणी रॉकेलसारखं पेटतं, हे पेटत नाही. धोंडुबाईनं त्या ओल्या बोळ्याकडं एकदा बघितलं. मग नवऱ्याकडं वळली.

"म्हंजी न्हेमीचं पेटतंय, ह्ये तुमास्नी तवाबी ठावं हुतं."

आकारामनं त्याच टेबलावर ते भडकताना दहा वेळा बघितलं होतं.

"व्हय," तो म्हणाला.

तिनं मान हलवली, जणू बाजारातला भाव विचारला होता आणि तो कळला. पदर सारखा करून ती बाहेर पडली. दानेश्वरी काहीतरी म्हणाली, ते आकारामला ऐकू आलं नाही. तोही मागोमाग निघाला.

केएमटीच्या थांब्यावर दोघं बाकावर बसली. ऊन कलत होतं. बस लवकर येईना. भाजीची पिशवी घेऊन एक बाई आली आणि म्हणाली, "जरा सरकतासा का?"

धोंडुबाई या कडेला सरकली, आकाराम त्या कडेला. बाई मधोमध ऐसपैस बसली.