ऐंशीच्या आत

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बाथरूममधून आरोळी येते, "लता! ऐंशी पॉइंट तीन!"

लता म्हणजे माझी आई. आरोळी मारणारे माझे बाबा, जगदीश. लीड्सच्या आमच्या घरात गेले तीन महिने कोणालाही गजर लावावा लागलेला नाही. बाबा पळून येतात, कपडे काढतात, वजनकाट्यावर उभे राहतात आणि शेजारच्या घरालाही कळेल असा आकडा जाहीर करतात. मग काट्याचा फोटो काढतात. फोटोत त्यांच्या पायाचे अंगठे येतात. ते अंगठे 'फिट बाय फोर्टीन' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात आणि तिथे पाच काका एकमेकांच्या अंगठ्यांना शाबासकी देतात.

फोर्टीन म्हणजे चौदा एप्रिल. जयंतीच्या आठवड्यातल्या रविवारी आमच्या मंडळाची राउंडहे पार्कमध्ये दहा किलोमीटरची रन असते. जानेवारीत संघर्षकाकांनी टूम काढली की, प्रत्येकाने एक आकडा सांगायचा आणि रन संपल्यावर सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं. आकडा माइकवर सांगितला जाणार. बाबा तेव्हा शहाऐंशी किलो होते. ते तिथल्या तिथे म्हणाले, "ऐंशीच्या आत!" आईने कपाळाला हात लावला.

संघर्षकाका आयटीत आहेत, पण व्यायामावर असे बोलतात की जणू स्नायूंचा शोध त्यांनीच लावला. त्यांचं म्हणणं, घाम म्हणजे वितळलेली चरबी. म्हणून बाबा हुडीच्या आत बिन बॅग, म्हणजे कचऱ्याची पिशवी, घालून पळतात. काळी, मोठी, डोक्यासाठी एक आणि हातांसाठी दोन भोकं पाडलेली. आणि पळताना, पळून आल्यावर, कामावर जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत. का? तर "एवढा घालवलेला परत कशाला भरायचा?"

संध्याकाळी काटा एक्क्याऐंशी पॉइंट पाच दाखवतो. कारण माणूस दिवसभरात कधीतरी पाणी पितोच! पण दोष कोणाला? आईच्या भाताला.

"लता, तू तांदळात काय घालतेस गं?"

"तांदूळ घालते," आई म्हणते.

आता माझ्याबद्दल. मी धम्मशीला, इयर इलेव्हन, म्हणजे भारतातली दहावी. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करायचा तर आधी शेजारणीला उत्तर विचारून घ्यायची. या वर्षी मी क्रॉस कंट्रीची कॅप्टन आहे! पीईच्या तासाला मी 'व्यायामात शरीर काय जाळतं' यावर वीस मिनिटं बोलले, कागद न बघता, आणि मिस हॉलिस म्हणाल्या की धम्मशीलाने माझी नोकरी घेतली तरी चालेल. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. मी तरंगतच घरी आले. आणि घरी तेच वीस मिनिटांचं बोलणं मी बाबांसमोर सुरू केलं, तर दुसऱ्या मिनिटाला त्यांनी फोन उचलून ग्रुप बघितला.

म्हणजे तीस मुलं ऐकतात, मिस हॉलिस ऐकतात, आणि ज्यांना खरी गरज आहे ते एकटे ऐकत नाहीत. डोकं फिरेल की नाही?

मी प्रयोगही करून दाखवला. काट्यावर उभी राहिले: बावन्न पॉइंट तीन. मोजायच्या जगमधून एक लिटर पाणी बाबांसमोर घटाघटा प्यायले. परत उभी राहिले: त्रेपन्न पॉइंट तीन.

"बघा! एका मिनिटात मी एक किलो जाड झाले! झाले का?"

"तुझं वय वेगळं," बाबा म्हणाले.

पाण्याला वय असतं का? मी ढेकर देत वर निघून गेले आणि अर्ध्या तासात तीनदा बाथरूमला गेले. हा त्या प्रयोगाचा एकमेव परिणाम.

एक मात्र मान्य करते. जानेवारीपासून बाबांनी खरोखरचे चारेक किलो कमी केलेत. पाऊस असो, अंधार असो, ते पळतात. मला त्यांचा अभिमान आहे, म्हणून तर एवढा राग येतो. शेवटचा किलो-दीड किलो हलत नव्हता, आणि तिथे संघर्षकाकांच्या युक्त्या सुरू झाल्या. भात बंद. पोळी बंद. नुसतं उकडलेल्या अंड्यातलं पांढरं.

"प्रोटीन आहे ना, मग झालं!" बाबा म्हणायचे.

नाही झालं! पळायला शरीर साखर आणि चरबी जाळतं. साखरेचा साठा संपवून टाकला, तर ते स्नायू मोडून त्यातलं प्रोटीन जाळायला घेतं. बाबांच्या पोटाला काही फारसा फरक पडला नव्हता, पण मांडीवर पँट ढगळ व्हायला लागली होती. त्याचाही त्यांना आनंद. "बघ, सैल होतेय!"

मग तो बुधवार आला. मी त्यांच्याबरोबर पार्कात पळायला गेले होते. तळ्याकडून वर मॅन्शनकडे जाणारा चढ आहे, तिथे बाबा एकदम थांबले आणि रेलिंग धरून उभे राहिले. चेहरा राखेसारखा.

"बाबा?"

"काही नाही. जरा गरगरलं." मग लगेच, "आईला सांगू नकोस."

"बाबा!"

"रविवारपर्यंत. प्लीज, धम्मा. चारच दिवस."

बाबा मला कधी प्लीज म्हणत नाहीत. मी हो म्हणाले. आणि त्या हो-चा मला चार दिवस इतका राग येत होता की मी जेवताना आईकडे बघतच नव्हते. सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर रविवारी त्याच चढावर बाबा पडले तर? शनिवारी दुपारी ग्रुपवर संघर्षकाकांचा मेसेज आला: आता उद्यापर्यंत पाणी बंद, शेवटचा दिवस आहे, भावांनो. खाली बाबांचा अंगठा. यावेळी हाताचा.

त्या रात्री मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, बाटलीत लिंबू, साखर, मीठ घालून पाणी न्यायचं. दुसरी ठरवताना मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मला ती रन अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत पळायची होती. तीन महिने त्यासाठीच तयारी केली होती. पण मी पुढे पळाले तर बाबांच्या जवळ कोण असणार?

रविवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. लीड्सला एप्रिलमध्ये ऊन पडायला नेमका तोच दिवस सापडला. घरून निघताना बाबांचा काटा ऐंशी पॉइंट सहा होता आणि ते गुणगुणत होते, कारण एका तासात किलोभर घाम सहज जाणार. हुडीच्या आतून बिन बॅग कुरकुरत होती.

"तू पुढे जा," सुरुवातीच्या रेषेवर बाबा म्हणाले. "तुझं टायमिंग आहे ना?"

"मला तुमच्याबरोबर पळायचंय."

"अगं, मी म्हातारा."

"मग हळू पळा आणि गप्प राहा."

पहिली फेरी बरी गेली. चार किलोमीटरला टेबलावर पाण्याचे ग्लास मांडले होते, बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. पाच किलोमीटरला त्यांनी बोलणं बंद केलं. माझ्या शाळेतल्या दोन मुली, ज्यांना मी नेहमी हरवते, आम्हाला मागे टाकून हात हलवत गेल्या. मी दात आवळून हात हलवला. सहाच्या पुढे तो चढ सुरू झाला, आणि अर्ध्यावर बाबांचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले. मी दंड धरून त्यांना बाकावर बसवलं. हात गार होता.

"प्या," मी बाटली पुढे केली.

"चारच किलोमीटर राहिलेत. आधी वजन होऊ दे."

आणि मी फुटले. सगळ्या पार्कासमोर.

"वजन? वजन! बाबा, मीनलमावशीचा फोन येतो ना, घर गार पडलंय, हीटिंग चालत नाही म्हणून? तुम्ही पहिला प्रश्न काय विचारता?"

बाबा हॉस्पिटलच्या बॉयलर रूममध्ये इंजिनियर आहेत. ओळखीतल्या निम्म्या घरांचे बॉयलर फोनवरूनच दुरुस्त करतात. त्यांनी डोळ्यांची उघडझाप केली. "प्रेशर किती दाखवतंय?"

"का विचारता?"

"पाणी गळून प्रेशर पडलं की बॉयलर स्वतःला बंद करतो."

"आणि पाणी गळालं म्हणजे गॅस जळाला का?"

"छे. गॅसचा त्याच्याशी काय संबंध? गॅस जळतो आणि धुराच्या नळीतून बाहेर जातो."

"मग?" माझा आवाज चिरकला. "मग तुमची चरबी कुठून जाते? तीसुद्धा जळते, बाबा! आणि बरीचशी श्वासातून बाहेर जाते, नाकातोंडातून! एवढे पळालात, त्यात तीस-चाळीस ग्रॅम गेली असेल, लोण्याच्या एका वडीएवढी. घाम फक्त अंग थंड ठेवायला असतो. तो तुमचा पाइप गळतोय! तुम्ही रोज सकाळी गळती मोजता आणि फोटो काढता! आणि भात बंद करून इंधनही तोडलंत, म्हणून तुमचा बॉयलर आता स्वतःचेच पाइप जाळतोय. मांड्या बघा तुमच्या!"

बाबांनी खरंच मांड्यांकडे बघितलं.

एक कुत्रा घेऊन जाणाऱ्या बाई थांबल्या आणि इंग्रजीत विचारू लागल्या की सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, नाही. बाबा म्हणाले, हो.

 मग त्यांनी हुडी काढली, बिन बॅग टराटरा फाडली, आणि आतून किटलीसारखी वाफ निघाली. त्यांनी बाटली घेतली. घोट घोट, मी सांगितलं तशी. अर्ध्या बाटलीनंतर ओठांना रंग आला. पूर्ण संपल्यावर म्हणाले, "मीठ जरा जास्त झालंय."

उरलेलं अंतर आम्ही चालत गेलो. वाटेत त्यांनी पाण्याच्या टेबलावर थांबून आणखी एक ग्लास घेतला, काटा डोळ्यांसमोर असणार तरीही. आम्ही शेवटचे आलो. माझा वेळ एक तास बत्तीस मिनिटं. कॅप्टन!

संघर्षकाका माइक आणि काटा घेऊन तयारच होते. त्यांचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते आणि ते खुर्चीला टेकून बोलत होते. "या जगदीशभाऊ, या! काय म्हणतोय काटा?"

बाबा बूट काढून उभे राहिले. ऐंशी पॉइंट तीन.

"अरेरे! तीनशे ग्रॅमनी गेलं, भाऊ! पाणी प्यायलात की काय?"

लोक हसले. आई पुढे आली, बाबांचा चेहरा बघितला, मग माझा बघितला, आणि तिला सगळं कळलं असावं, कारण तिने माझा हात घट्ट धरला. बाबांनी संघर्षकाकांच्या हातातून माइक घेतला.

"प्यायलो. संघर्ष, तुझ्या घरचं हीटिंग बंद पडतं तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारतो?"

आणि त्यांनी सगळं सांगितलं. प्रेशर, गळती, गॅस, धुराची नळी, लोण्याची वडी. शब्दन् शब्द माझा. मला वाटलं, आता म्हणतील, आत्ता म्हणतील, हे मला माझ्या मुलीने शिकवलं. नाही! शेवटी म्हणाले, "इंजिनियरने असा विचार करायला हवा," आणि टाळ्या पडल्या. संघर्षकाका म्हणाले, "वा, हे लक्षातच आलं नव्हतं," आणि टेबलावरचे दोन ग्लास एकापाठोपाठ एक प्यायले.

"ते माझं होतं!" गाडीत मी ओरडले.

"बॉयलर कोणाचा?" बाबा मागे वळून म्हणाले. ते केळं खात होते.

"आणि बुधवारचं कोणाचं?" आई शांतपणे म्हणाली. मी तिला बाकाचं सांगितलं होतं, मग बुधवारचंही. बाबांनी केळं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघितलं.

"पुढच्या वर्षी तू अठ्ठेचाळीसमध्ये पळ," थोड्या वेळाने ते म्हणाले. "बाटली मी धरून उभा राहतो."

 इतक्या स्वस्तात सुटका नाही.

सोमवारी सकाळी सात वीसला मी उशीखाली डोकं घातलं होतं, तेवढ्यात बाथरूममधून आरोळी आली, "धम्मा! नऊशे ग्रॅम घाम गेला! म्हणजे किती पाणी प्यायचं गं?"