तेलाची पट्टी

द्वारकाबाईंनी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधली तेल बघायची पट्टी उपसायला घेतली, ती जेवणवेळ झाली तरी संपली नव्हती.

सकाळी त्यांनी सगळं रीतसर केलं होतं. ट्रॅक्टर अंगणात सपाट जागेवर उभा केला, इंजिन थंड होऊ दिलं, पट्टीभोवतीची माती फडक्यानं पुसली. मग पट्टी ओढली. एरवी वीतभर निघायची ती हातभर आली. हातभराची ओसरीपर्यंत गेली. पट्टी लखलखीत कोरडी होती आणि तेलाची खूण अजून आतच होती. त्या ओढत राहिल्या.

ट्रॅक्टर सासऱ्यांच्या वेळचा. परदेशातून बोटीनं आलेला, बाईंपेक्षा वयानं मोठा. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनीच त्यांना तो चालवायला शिकवला होता, आणि नवरा गेल्यापासून सगळं रान त्या एकट्या नांगरत होत्या. गेल्या आठवड्यापासून दुसरा गिअर टाकला की आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा. दीर दिनकर रोज येऊन तो आवाज ऐकायचा आणि मान हलवायचा. ट्रॅक्टर गेला की वहिनी रान आपल्यालाच कसायला देणार, हे त्यानं मनात धरलं होतं.

पट्टी अंगण ओलांडून गल्लीत गेली. गल्लीतल्या लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. येणारे-जाणारे तिच्यावरून पाय उचलून जाऊ लागले. शेजारच्या आक्काताईंनी तिच्यावर लुगडं वाळत घातलं.

"द्वारके, अजून किती काढणार गं?" त्यांनी विचारलं.

"तेल दिसंपर्यंत."

"मग माझी गोधडी पण टाकते. चांगलं ऊन आहे."

दुपारी दिनकर आला. त्याच्यामागोमाग त्यानं बोलावलेली भंगाराची लॉरीही आली आणि मागचा फळका उतरणीसारखा पाडून अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली. दिनकरनं आधी पट्टीकडं पाहिलं, मग घरामागं पाहिलं.

"वैनी," तो म्हणाला, "रान सरकलंय."

बाईंनी मान वळवली. खरंच होतं. पट्टी जेवढी बाहेर येत होती तेवढं रान आखडत होतं. ओढ्याकाठचा बांध परसात आला होता. विहीर न्हाणीघराला टेकली होती. कडेचं आंब्याचं झाड आता छपराला घासत होतं आणि त्याच्यावरचे पोपट चकार शब्द काढत नव्हते.

"हात थांबवा," दिनकर म्हणाला. "आत घाला ती. आतमध्ये तेल-बिल काय नाही. बॉक्स कोरडा ठणठणीत हाय. मी सांगतो ना."

"तुम्ही बघितलंय?"

"बघायला कशाला पाहिजे? आवाजावरनं कळतंय की."

"भाऊजी, आता अर्ध्यावर आत घातली तर किती तेल आहे ते कुणालाच कळायचं नाही. मग तुम्ही म्हणाल तेच खरं होऊन बसंल." बाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ओढ दिली. "मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

बांध आणखी जवळ आला. गोठ्याची भिंत कुरकुरली. दिनकरला पाय मागं घ्यायला जागा उरेना, तो लॉरीच्या टायरला पाठ लावून उभा राहिला. बाईंचे तळवे सोलवटले होते. रानाच्या ज्या पट्ट्यात त्या जोंधळा करायच्या तो आता चटईएवढा होऊन अंगणातल्या चुलीपाशी आला होता. त्यांनी त्यावर पाय पडू दिला नाही. ओढणं मात्र सोडलं नाही.

आणि पट्टीचं टोक आलं.

टोक ओलं होतं. बाईंनी ते बोटांवर घासलं, नाकाशी नेलं. जळका वास नव्हता, पाणी शिरून आलेला दुधाळपणाही नव्हता. खालच्या खुणेच्या खाली होतं, पण तेल होतं. जुनं, मधासारखं, चांगलं तेल.

"हे काय?" त्यांनी बोट दिरापुढं धरलं.

दिनकरनं बोटाकडं पाहिलं नाही. "एवढ्याशानं काय होतंय?"

"कमी आहे. कोरडं नाही."

त्यांनी गिअरच्या दांड्याशेजारचं बूच खोललं, नरसाळं लावलं, वर गाळणी ठेवली आणि डब्यातलं नवं तेल सावकाश ओतायला लागल्या. गल्लीपर्यंत पडलेल्या पट्टीवर ओल चढू लागली. आधी अंगणातल्या टोकाला, मग ओसरीपाशी, मग गल्लीत आक्काताईंच्या लुगड्याखाली. आक्काताईंनी घाईघाईनं कपडे काढले. ओल वरच्या खुणेपाशी येऊन थांबली, तशा बाईही थांबल्या. एक थेंब जास्त घातला नाही.

पट्टीचं टोक भोकाला लावल्याबरोबर ती बिळात साप शिरावा तशी सळसळत आत गेली. मूठ घट्ट बसली.

रान परत गेलं नाही.

"झालं समाधान?" दिनकर म्हणाला. "तेल भरलं, आता नांगरणार काय?"

अंगणात ट्रॅक्टर मावेल एवढीच जागा होती. डावीकडं भिंत, उजवीकडं विहीर, मागं बांध. पुढं फक्त लॉरीचा पाडलेला फळका. भंगारवाला केबिनमधून डोकं काढून म्हणाला, "बाई, वाट एकच आहे. सरळ वर चढवा. मला उशीर होतोय."

द्वारकाबाई सीटवर चढल्या. इंजिन एका दमात लागलं. त्यांनी पहिला टाकला, मग दुसरा. आवाज आला नाही. दिनकर मात्र आवाज येईल म्हणून कान देऊन तसाच उभा होता.

"चढवा, चढवा," भंगारवाला म्हणाला.

बाईंनी ट्रॅक्टर फळक्यावर घेतला. मागची चाकं लॉरीत पूर्ण आली तेव्हा त्यांनी सीटशेजारचा दांडा ओढून मागं जोडलेला नांगर खाली सोडला.

"अहो, ते काय करताय?" भंगारवाला ओरडला.

फाळ लॉरीच्या फळ्यांत शिरला. फळ्या उलटल्या आणि खालून काळी, ओली माती वळून वर आली. केबिन पुढं पुढं जात लहान दिसू लागली. बाईंनी मागं वळून नांगराचा तास सरळ पडतोय का ते पाहिलं आणि तिसरा टाकला.