हजार कोण म्हणालं

मालकांनी परत आलेला खोका टेबलावर आपटला आणि त्याची टेप ओरबाडून काढली. आत लिफाफ्यांचे सातच गठ्ठे होते. आठव्याची जागा पडलेल्या दातासारखी रिकामी.

"गिऱ्हाइकानं पुढची ऑर्डर थांबवली आहे," ते म्हणाले. "खोका तुमच्या टेबलावरचा. तुम्हा दोघींपैकी एकीला आज घरी पाठवणार. कुणी बंद केला हा?"

थोरली जाऊ बोलली नाही. धाकटीही नाही. तशाही त्या एकमेकींशी बोलत नव्हत्याच. एका घरात दोन चुली झाल्या होत्या, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरून जुंपल्यापासून तर एकमेकींचं तोंड बघणंही नको झालं होतं. पण दोन्ही चुली पेटायच्या त्या याच टेबलाच्या जिवावर. म्हणून दोघी समोरासमोर उभ्या राहून खोका भरायच्या आणि फक्त आकडे बोलायच्या. गठ्ठा सव्वाशेचा, खोका हजाराचा. एक गठ्ठा हिनं ठेवायचा, एक तिनं. थोरली सुरुवात करायची, सव्वाशे. धाकटी म्हणायची, अडीचशे. मग पावणेचारशे, पाचशे, सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे. आणि हजार म्हणायची धाकटीच.

दर खोक्याला हेच. थोरलीच्या तोंडी कायम सव्वा, नाहीतर पावणे. अडीच, साडे आणि भरलेले आकडे सगळे त्या भवानीच्या वाट्याला! थोरलेपणाचा मान म्हणून सुरुवात हिनं करायची, आणि हजार म्हणून ऐटीत टेप लावायची तिनं. आपलं नशीबच मेलं पाऊण भरलेलं, असं थोरलीला रोज वाटायचं. खोका बदलला तरी आकडे काही बदलत नव्हते.

"हजार तूच म्हणतेस ना नेहमी?" मालक धाकटीकडे वळले. "म्हणजे टेप तुझी."

धाकटी टेबलावर वाळलेला गोंद नखानं खरवडत राहिली.

"बोल की. मूग गिळून काय उभी राहिलीस?"

थोरलीला तो खोका पक्का आठवत होता. दोरीच्या भांडणाचाच दिवस. धाकटीनं बादलीत फेकलेले आपले ओले कपडे डोळ्यांसमोरून हलत नव्हते, आणि त्या तिरमिरीत सव्वासहाशेच्या जागी तिच्या तोंडून साडेसातशे गेलं होतं. धाकटीनं चमकून वर पाहिलं होतं. पण चूक दाखवायची तर बोलावं लागलं असतं. ती 'पावणेनऊशे' म्हणून मोकळी झाली. मग उरलं हजार, आणि ते आलं थोरलीकडे. काय तोऱ्यात म्हणाली होती ती! धाकटीनं मुकाट्यानं टेप तिच्यापुढे सरकवली होती.

म्हणजे हिला सगळं माहीत आहे. आणि तरी ही गप्प.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता ही घरी बसणार, आणि रोज दोरीवर कपडे घालताना आपल्याकडे नुसती बघणार. काही न बोलता. जन्मभर हिच्या उपकाराखाली राहायचं? त्यापेक्षा काम गेलेलं परवडलं.

"मालक, आम्ही खोका कसा भरतो ते एकदा बघाच," ती म्हणाली. तिनं नवा खोका ओढला आणि गठ्ठा ठेवला. "सव्वाशे."

धाकटीनं संशयानं तिच्याकडे पाहिलं. "अडीचशे."

"पावणेचारशे."

"पाचशे."

"साडेसातशे."

धाकटीचा हात गठ्ठ्यासकट हवेत थांबला.

"सव्वासहाशे," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

"मी साडेसातशे म्हटलंय. पुढचं म्हण."

"जाऊबाई..."

"म्हण म्हणते ना!"

"पावणेनऊशे," धाकटीनं गठ्ठा आत आदळला.

"हजार." थोरलीनं शेवटचा गठ्ठा ठेवला आणि टेबलापलीकडे हात घालून टेप उचलली. "त्या दिवशी अस्साच भरला होता. टेप मी लावली."

मालकांनी खोक्यात डोकावून गठ्ठे मोजले. सात. त्यांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"उद्यापासून येऊ नका तुम्ही," ते थोरलीला म्हणाले आणि आत निघून गेले.

धाकटीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"एकदा, आयुष्यात एकदा तुमच्यावर उपकार करायची वेळ आली होती माझ्यावर," ती म्हणाली. "तेवढंही बघवलं नाही ना तुम्हाला?"

"नाही बघवलं," थोरली म्हणाली आणि पिशवी काखोटीला मारून निघाली.

दारापाशी ती चपला घालत होती, तेव्हा मागं गठ्ठा ठेवल्याचा आवाज आला.

"सव्वाशे," धाकटी म्हणाली.

पुढचा आकडा म्हणायला टेबलापलीकडे कोणीच नव्हतं.

"अडीचशे," थोरली पुटपुटली, आणि स्वतःवरच चिडून बाहेर पडली.