चार मठांची हिरवी बस

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी बस आहे. एकोणतीस आसनांची. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, ट्वीड नदीच्या काठाने मी रोज माणसांना चार पडके मठ दाखवून आणते. मेलरोज, ड्रायबर्ग, जेडबर्ग आणि केल्सो. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. हे काम माझ्याइतकं चांगलं कोणी करत नाही, हे मी स्वतःच सांगते.

माझा चालक वॉट रदरफर्ड. त्याची बायको नेटा पुढे उभी राहून मठांच्या गोष्टी सांगते. वॉट रोज पहाटे माझ्या पोटाखाली शिरून ब्रेक तपासायचा.

"तू माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलतोस," नेटा म्हणायची.

"ती मधे तोंड घालत नाही ना," वॉट म्हणायचा.

अशी सोळा वर्षं गेली. मग मला लॉडर नावाच्या नव्या मालकाने घेतलं. त्याने मला नवा रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले. लोक माझ्याबरोबर फोटो काढू लागले आणि मीही थोडी फुशारले. पण लॉडरने वॉटला बजावलं, "तपासणी गॅरेजवाले करतील. तू गाडी चालव." गॅरेजचा दिवस मात्र पुढे पुढे ढकलला जात होता.

जून महिन्यातली गोष्ट. मेलरोज बघून आम्ही टेकडीवर थांबलो होतो. तिथून नदीचं वळण दिसतं. माझं ब्रेकचं तेल सकाळपासून थेंब थेंब गळत होतं. मी सांगणार तरी कसं?

उतार लागला आणि वॉटने ब्रेकवर पाय दाबला. तो थेट तळाला गेला. आत सव्वीस माणसं होती. कुणीतरी सँडविच खात होतं.

वॉट हळूच म्हणाला, "नेटा, सगळ्यांना घट्ट धरून बसायला सांग."

नेटाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "मंडळी, समोरची दांडी धरा. पुढचा रस्ता जरा खडबडीत आहे."

वॉटने मला दुसऱ्या गिअरवर आणलं, मग पहिल्यावर. माझं इंजिन किंचाळलं. एका हाताने तो हँडब्रेक ओढत होता, दुसऱ्याने मला कुंपणाच्या झुडपांना घासत नेत होता. नवा रंग सोलून निघाला. ड्रायबर्गच्या फाटकाजवळ चढ लागला तिथे मी थांबले. सगळे सुखरूप होते.

वॉटने फाटकावरच्या खोलीतून मालकाला फोन लावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता.

"काय म्हणाला?" नेटाने विचारलं.

"हळूहळू चालव, पण फेरी पूर्ण कर म्हणाला. मी नाही म्हटलं. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला."

"बरं झालं," नेटा म्हणाली. "नाहीतर मीच तुला येऊ दिलं नसतं."

एक म्हातारे गृहस्थ कुरकुरले, "आणि आमचे उरलेले दोन मठ?"

नेटाने त्यांना मठाच्या भिंतीपाशी नेलं. छप्पर नव्हतं, कमानी मात्र ताठ उभ्या होत्या. शिडीवर एक बाई दगडांच्या सांध्यांत चुना भरत होती. नेटा म्हणाली, "बघा. छप्पर गेल्यावर या भिंती आपोआप नाही टिकल्या. दर उन्हाळ्यात कोणीतरी त्या शिडीवर चढतं." मग सगळे गवतावर बसले आणि उरलेल्या दोन मठांच्या गोष्टी तिने तिथेच सांगितल्या. म्हाताऱ्याने आपल्या डब्यातला केक आधी वॉटला दिला.

रंग उडालेली बस लॉडरला नको होती. तो मला भंगारात काढणार होता, तेव्हा वॉट आणि नेटाने मला भंगाराच्या भावात विकत घेऊन घरी नेलं. हिवाळाभर त्यांनी माझे ब्रेक, नळ्या, चाकं सगळं उघडून नीट केलं. एप्रिलपासून मी पुन्हा त्याच उतारावरून माणसांनी भरलेली जाते, आणि मला जराही भीती वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, शिलाई मशीन असेल, गच्चीवरची पाण्याची टाकी असेल. त्यांना जरूर चकचकीत ठेवा. पण कधीतरी वाकून, हात काळे करून खालूनही बघा. माझ्या कुशीवरचे ओरखडे वॉटने मुद्दामच रंगवले नाहीत. त्यांच्याकडे बोट दाखवून कुणी विचारलं, की नेटा सांगते, "त्या दिवशी आमची सव्वीस माणसं घरी पोचली, त्याची ही खूण."