नविनच्या लॅपटॉपला वायफाय दिसत नव्हतं

माझा नवरा नविन गेला, त्याचा दिवस, म्हणजे मेल्यानंतरचा विधी, उद्यावर आला होता. आमच्याकडे दिवसाच्या विधीत गेलेल्या माणसाला त्याच्या हातची एक वस्तू द्यावी लागते, नाहीतर तो मागायला येतो म्हणतात. कपडे चितेवरच गेले होते, मोबाईल अच्छाडजवळ झालेल्या अपघातात त्याच्यासोबतच चिरडला. उरला लॅपटॉप. "चालला तं ठेव, पोरी," सासूबाई म्हणाल्या, "दुसरा काय तरी शोधू. नाय चालला तं उद्या त्याला देऊ."

मला घरबसल्या कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम मिळालं होतं. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, पण शाळेचं नवं वायफाय आमच्या पडवीपर्यंत येतं. म्हणजे लॅपटॉप मला हवाच होता. खरं सांगायचं तर नविन गेल्यापासून हवं-नको काही कळतच नव्हतं. ताट पुढ्यात आलं की जेवायचं, एवढंच.

सासूबाईंना घेऊन आशागडला मिथुनच्या दुकानात गेले. मिथुन मोबाईल दुरुस्त करतो, नविनचा दोस्त. लॅपटॉपचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता.

"वहिनी, विंडोज काढून लिनक्स टाकतो. जुन्या मशिनला हलकं पडतं. पण आतलं सगळं पुसलं जाईल. फोटो पण."

"पुसा."

तो माझ्याकडे बघत राहिला. बाई रडली नाही की लोकांना चैन पडत नाही. मी पंख्याकडे बघत बसले.

लिनक्स बसलं. सगळं चालू, फक्त वायफाय दिसेना. मिथुननं स्वतःचा मोबाईल वायरनं जोडून नेट घेतलं, वायफाय चालवणारा ड्रायव्हर टाकला, मशिन बंद करून चालू केलं. परत तेच.

"त्याची वस्तू हाय," सासूबाई म्हणाल्या. "तो नाय सोडाचा."

मिथुननं अजून काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन वाचली. "ड्रायव्हरचा दोष नाही. वायफाय हातानं बंद केलंय. अशा मशिनला कडेला बटण असतं."

बटण कुठेच नव्हतं. कडेला काळी टेप होती, ती तडा गेला म्हणून लावली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मग मला नविन आठवला. रिकाम्या खोलीत बल्ब जळताना दिसला की जेवता जेवता उठून विझवायचा. पाड्यावर तेव्हा वायफाय नव्हतंच. उगाच बॅटरी कशाला खायला घालायची, म्हणून त्यानं बटण बंद केलं असणार, आणि पिशवीत सरकू नये म्हणून वर टेप.

मी टेप सोलली. खाली इवलंसं बटण होतं. सरकवलं, तशी स्क्रीनवर आसपासच्या वायफायची नावं येऊ लागली.

"आलं!" मिथुन ओरडला.

"मंग उद्या त्याला काय द्याचा?" सासूबाईंची नजर माझ्या बोटाला चिकटलेल्या टेपकडे गेली. "ती पट्टी दे. त्यानंच लावलेली ना?"

मी टेप उलटी करून बघितली. गोंदावर, माझं बोट लागलं नव्हतं त्या टोकाला, अंगठ्याचा ठसा होता, अख्खा, रेघ न रेघ. नविनचा अंगठा. फोटो तर मी स्वतःच पुसायला लावले होते. भर दुकानात मला रडू फुटलं आणि ते आवरेना.

"ही नाही देणार."

"पोरी, एक तं द्यावाच लागल."

मी चालू झालेला लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.